पोटातला आवाज

मित्रांनो, इस्त्रीच्या टेबलाखालून मंद गुणगुण ऐकू येते ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. कधीकाळी एका कचेरीत मी ऐटीत बसायचो आणि माझ्यावर घरांचे नकाशे निघायचे. पुढे एक नवा, सडपातळ गडी आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी धूळ खात पडलो, अगदी शब्दशः.

मला खाली आणलं ते या घरातल्या ताईनं. तिनं मऊ ब्रशनं माझा पंखा साफ केला, पोटात दोन नव्या डिस्क बसवल्या आणि मला घरचा सर्व्हर केलं. गाणी, चित्रपट, फोटो, सगळं माझ्यापाशी. कुणी स्वयंपाकघरातून मागावं, कुणी गच्चीतून. मी अर्ध्या झोपेतच देत राहायचो. खोलीतलं बोलणं मला ऐकू येतं, पण माझ्यातून जाणारं गाणं नाही. ते वाहत जातं तेव्हा अंग जरा कोमट होतं, एवढंच. पण तेवढ्यात फार सुख असतं.

सगळ्यात सुखाचा होता आईचा आवाज. ती शिवणकाम करता करता मुलांना गोष्टी सांगायची, त्या कुणीतरी तिच्याच आवाजात टिपून ठेवल्या होत्या. पुढे घशाच्या दुखण्यात तिचा आवाज कायमचा गेला. ती खुणांनी बोलू लागली, आणि तो आवाज उरला फक्त माझ्यात.

माझ्या दोन डिस्कना घरात ‘जुळ्या’ म्हणत. एकीवर जे होईल ते तत्क्षणी दुसरीवर. या लाडक्या शब्दानंच घात केला. एकदा जागा कमी पडली. धाकट्या भावाला चित्रपट उतरवायचे होते.

“आईच्या गोष्टी इथून काढते,” ताई म्हणाली. “जुळीवर आहेतच की.”

तिनं त्या पुसल्या. जुळीनंही इमानेइतबारे आपल्या पुसल्या. धाकट्यानं चित्रपट उतरवायला घेतला आणि ताई जुळीवर गोष्टी शोधू लागली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“गेल्या रे. मीच घालवल्या.”

“आता आईला काय सांगायचं?” धाकटा म्हणाला.

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पुसतो तेव्हा आम्ही फक्त दारावरची पाटी काढतो. घर तिथेच असतं, सामानासकट, दुसरं कुणी राहायला येईपर्यंत. आवाज माझ्या पोटातच होता. पण मला तोंड कुठलं? आणि तो चित्रपट एकेक खोली बळकावत आत येत होता.

ताईनं आत्याला फोन लावला. आत्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे.

“आधी त्याला बंद कर,” आत्या म्हणाली. “काही शोधू नकोस, काही उतरवू नकोस. रडायचंय ते नंतर रड.”

मी झोपलो. स्वप्नात बिनपाटीची घरं होती आणि प्रत्येक घरातून शिवणयंत्राची घरघर येत होती. जाग आली ती आत्याच्या दुकानात. तिनं चिकाटीनं जवळजवळ सगळं परत मिळवलं होतं.

घरी आल्यावर ताईनं हरवलेलं बटण शोधायला निघालेल्या मांजरीची गोष्ट लावली. मांजर नदीपाशी आली आणि आवाज तुटला. तिथे चित्रपटानं पाय ठेवला होता. ताईनं मान खाली घातली.

आईनं तिची हनुवटी वर केली आणि हातांनी पुढची गोष्ट सांगायला लागली. तिचे हात पाहत ताई आणि धाकटा ती मोठ्यानं बोलत गेले. “थांब, थांब, मांजर पोहली की नावेतून गेली?” धाकट्यानं विचारलं. आई खांदे गदगदा हलवत हसली.

ताईनं ते सगळं टिपलं, आणि ती गोष्ट आता माझ्यात आहे. सुरुवात आईच्या आवाजात, शेवट मुलांच्या. तिची एक प्रत आत्याच्या दुकानातही आहे, माझ्यापासून दूर, आणि मला त्याचा मुळीच राग नाही.

तुमच्याही घरात असा एखादा सर्व्हर गुणगुणत असेल. त्याला कोंदट कपाटात ठेवू नका, त्याच्या पंख्यावरची धूळ पुसत जा. जुळ्यांवर विसंबू नका. जे जिवापाड जपायचं, त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आम्ही पोटात खूप काही सांभाळतो, मित्रांनो, पण ते हरवू लागलं तर आम्ही तुम्हाला हाक मारू शकत नाही.