शेऱ्याचा रकाना

बेरीज पैशापैशाला जुळली तेव्हा सूनबाईने खुर्चीतच एक गिरकी घेतली. का नाही घेणार? हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर दरवर्षी फी वाढवून मानगुटीवर बसलं होतं. त्यातले सगळे व्यवहार तिने एकटीने, कुणाची मनधरणी न करता, नव्यात आणले. मग जुनं खातं बंद केलं. 'सगळी माहिती कायमची पुसायची?' असं विचारल्यावर 'हो' म्हणून मोकळी झाली. सुटले बाई एकदाची!

तेवढ्यात कारखान्यातून नवरा डोकावला. "अगं, मास्तरीणबाईंचं बिल उघड ना, बूट शिवायला घेतोय."

तिने उघडलं. तारीख होती, रक्कम होती. शेऱ्याचा रकाना कोरा. दुसरं बिल उघडलं, तेही कोरं. तिसरंही.

हे घर वाकड्या, आखूड पायांसाठी बूट शिवणारं. पाय तपासताना सासऱ्यांसमोर बिल उघडंच असायचं, म्हणून ते तिथेच शेऱ्यात सगळं लिहायचे: टाच किती उचलायची, कुठला अंगठा दाब सोसत नाही. हिशेबात पाय! असला उद्योग दुसरं कोण करणार? पण गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, बोटांतली जाणीव गेली, आणि तेव्हापासून नवरा त्या शेऱ्यांवरच बूट शिवत होता. नव्या सॉफ्टवेअरने आकडे तेवढे उचलले, शेरे सोडून दिले. आणि या शहाणीने तपासली काय, तर बेरीज!

तिने लगेच जुन्या कंपनीला फोन लावला.

"पुसलंय ताई, तुम्हीच सांगितलंत," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

तिने स्वतःचं बिल शोधलं. लग्नाआधी तीही इथली गिऱ्हाईकच होती. कोरं.

"मेले मी," ती पुटपुटली. "अहो, सगळ्यांचे पाय पुसले मी!"

सासरे दारातच होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ते ओरडतील म्हणून तिने अंग चोरलं. ते आले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"पाय दे इकडे."

"बाबा, नको हो! तुम्ही काय माझ्या पायाला..."

"तुझ्यापासून सुरू करू. दे म्हणतो ना."

त्यांनी तिचा बूट काढला, पाऊल मांडीवर घेतलं, बोटं फिरवली. दाबून पाहिलं. पुन्हा फिरवली. आजवर त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाला काही विचारलं नव्हतं, बोटांनाच सगळं कळायचं.

"कुठे दुखतं गं?" त्यांनी विचारलं.

ती रडायलाच लागली. त्यांच्या बुटांत इतकी वर्षं तिचं कधी काही दुखलंच नव्हतं. तिला सांगता येईना.