रविवारी धक्का मिळणार नाही

गावात रग्बीचा क्लब आहे हे गावाला ठाऊक नव्हतं. 'धक्का क्लब' मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता.

रग्बीत आठ धिप्पाड गडी खांद्याला खांदा भिडवून वाकतात आणि समोरच्या आठांना रेटतात. याला स्क्रम म्हणतात. त्याच्या सरावाचं लोखंडी यंत्र क्लबकडे नव्हतं, म्हणून सेक्रेटरींनी बंद पडलेल्या गाड्या ढकलायचा शिरस्ता पाडला. सेक्रेटरी पेशानं चष्मेवाले. बेकरीवाल्याची व्हॅन, शाळेची बस, एकदा तर शववाहिनी. क्लबनं कुणाला नाही म्हटलं नाही. दुकानात फोन यायचा, "चष्मेवाले, चौकात अडकलोय, तेवढे आठ जण पाठवा."

आणि आता रग्बी संघटनेचं पत्र आलं होतं. क्लबचं स्थानिक पाठबळ आणि वाढीची शक्यता पाहायला रविवारी निरीक्षक येणार. दोन्ही न आढळल्यास क्लब शेजारच्या शहराच्या क्लबात विलीन. गेल्या सामन्याला सात प्रेक्षक होते. त्यातली एक चष्मेवाल्यांची बायको, आणि तीही विणत बसली होती.

"लोकांना बोलवा की," ती म्हणाली.

"बारा वर्षं बोलावतोय."

"मग नाही म्हणा. नाही म्हटलेलं लोक नीट वाचतात."

चष्मेवाल्यांनी दारात पाटी लावली. डोळे तपासायच्या तक्त्याच्या सवयीनं अक्षरं वर मोठी, खाली बारीक होत गेली. 'रविवारी धक्का मिळणार नाही. सामना आहे. पुढेही मिळेलच असं नाही. हरकत असल्यास मैदानावर सांगावी.' शेवटची ओळ न दिसलेले दोघे आत येऊन नंबर काढून गेले.

रविवारी चारशे माणसं हरकत घेऊन आली. पुढे बेकरीवाला.

"माझी व्हॅन काय तुम्ही एकटे ढकलणार का हो?"

"मध्यंतरात ऐकतो. आधी बसा."

पहिला स्क्रम झाला. आठ पाठी वाकल्या. बेकरीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे, हे तर आपलेच. हे तर माझ्या व्हॅनच्या मागे असतात तसेच." आणि ड्रायव्हरच्या सीटवरून जे नेहमी ओरडायचा तेच त्याच्या तोंडून निघालं, "रेटा, अजून थोडं, सोडतोय क्लच!"

पुढच्या स्क्रमला चारशे जण क्लच सोडत होते. पाहुण्या संघातल्यांना वाटलं, ही काहीतरी गुप्त खूण आहे. ते बिचकून मागे सरकत राहिले. मध्यंतरात हरकतीची कुणालाच आठवण राहिली नाही. सामना क्लब बारा गुणांनी हरला. पण गुण कसे मोजतात ते गावाला माहीत नव्हतं आणि रेटारेटी सगळी आपल्या बाजूनं झाली होती, त्यामुळे गाव जिंकल्यासारखं नाचलं. चष्मेवाल्यांनीही कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

निरीक्षक जायला निघाले आणि त्यांची गाडी सुरू होईना. चष्मेवाल्यांनी सवयीनं आठ जणांकडे पाहिलं. आठही गवतावर आडवे.

"झोपू द्या हो त्यांना," बेकरीवाला म्हणाला. जन्मात कधी गाडी न ढकललेला तो माणूस गाडीला पाठ टेकून उभा राहिला. मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर, मग विणकाम पर्समध्ये कोंबून चष्मेवाल्यांची बायको. गाडी हलली, आणि खिडकीतून निरीक्षकांचाच आवाज आला, "सोडतोय!"

आठवड्यानं अहवाल आला. 'क्लब चालू ठेवावा. स्थानिक पाठबळ: स्वतः अनुभवलं. वाढीची शक्यता: गावातल्या गाड्या पाहता, भरपूर.'