सहा नंबरचा बिल्ला

“तो हातोडा खाली ठेवा नत्थूजी. आधी मले सांगा, हे तुमाले माहीत होतं का नाई?”

मी टूलरूमच्या दारात उभी होते आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. नोटीस बोर्डावरचा कागद वाचून पॅकिंगमधून तडक तिथं आले होते. नत्थूजींनी वर पाहिलंसुद्धा नाही. पंच तपासायला पितळेचा एक भंगार तुकडा त्यांनी लोखंडी ठोकळ्यावर ठेवला, त्यावर आकड्याचा ठसा, म्हणजे पंच, धरला आणि एकच घाव घातला. तुकड्यावर चार उमटला. तो त्यांनी शेजारच्या घमेल्यात टाकला.

“माहीत होतं,” ते म्हणाले. “यादी मायाच हातात देल्ली ना त्यायनं. पयला कोन आन शेवटचा कोन, समदं माहीत होतं.”

“आन तरी ठोकून राहिले?”

“मी नाई ठोकले त दुसरा ठोकन, पुष्पा.”

असलं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. हात चोळत बसणाऱ्या माणसाचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. माझा बाप असाच हातमाग बंद पडला त्या दिवशी हात चोळत बसला, तो मरेपर्यंत उठला नाही. नत्थूजी आमच्याच विणकरांच्या तांडापेठेतले, माझ्या बापाच्या बरोबरीचे. पण ते उठले होते. माग सोडून हिंगण्याच्या या कारखान्यात आले, पंच आणि हातोडा शिकले. त्यांच्याकडून मला हे ऐकायचं नव्हतं.

आमच्या कारखान्यात कूलरचे पंखे बनत. उन्हाळ्यात सारं नागपूर ज्यांच्यासमोर तोंड करून बसतं, ते पंखे. कारखाना उघडला तेव्हापासून प्रत्येक कामगाराच्या छातीवर पिनेला लटकणारा एक पितळी बिल्ला असे. माणूस कामाला लागला की नत्थूजी पुढचा नंबर ठोकून त्याच्या हातात देत. आधी आलेल्याचा नंबर आधी, मागून आलेल्याचा मागून; त्यात वशिला नाही की चिठ्ठी नाही. नत्थूजींचा स्वतःचा नंबर सहा. पुढेपुढे तर नंबर हेच नाव झालं होतं. “सहा नंबर कोठी गेले?” म्हटलं की पोट्टेसुद्धा टूलरूमकडे बोट दाखवत.

आणि आता नोटीस म्हणत होती की जुने सगळे नंबर रद्द. एकपासून नवे नंबर. क्रम कोणता, तर संप सुरू झाल्यापासून जो ज्या क्रमानं कामावर परत आला तो. खाली आणखी एक ओळ होती. कारखान्यात तीस माणसं जास्त झाली आहेत, ती शेवटच्या नंबरापासून मागे मोजून दिवाळीला कमी केली जातील.

संप कशासाठी केला होता, तेही सांगते. पंख्याच्या कारखान्यात रंगखात्याला एक पंखा नव्हता. वर पत्रा, खाली भट्टी, नाकातोंडात रंग. मे महिन्यात दोन माणसं एकाच पाळीत चक्कर येऊन पडली. आम्ही पंखा मागितला, साहेबांनी आम्हाला शिस्त शिकवली. मग आम्ही गेटसमोर मांडव घातला. उन्हानं डांबर वितळत होतं आणि आम्ही चपला हातात घेऊन घोषणा देत होतो.

कंपनीनं मग जाळी लावलेली बस आणली. काम करायचं असेल त्यानं बसावं आणि आत जावं. बसच्या पायरीवर पहिला पाय पडला तो ताराचंदचा. ताराचंद म्हणजे नत्थूजींचा साळा, त्यांच्या बायकोचा, रुख्माबाईचा, सख्खा भाऊ. त्याचा माग बंद पडला तेव्हा नत्थूजींनीच त्याला हात धरून या गेटवर आणलं होतं. त्याच्या पोरीचं, नीलाचं, लग्न ठरलं होतं हे खरं. पण मांडवात बसलेल्यांच्या घरी काय लग्नं नव्हती, बाळंतपणं नव्हती? त्याच्यामागून एकेक करत बरेच गेले.

शेवटी तडजोड झाली. रंगखात्याला पंखे मिळाले आणि सगळ्यांना परत घ्यायचं ठरलं. गेट उघडलं त्या दिवशी टाइम ऑफिसचा रुपराव टेबल टाकून नावं लिहीत होता. आम्हाला वाटलं, हजेरी घेतोय. नत्थूजी गेटाच्या बाजूला उभे राहून एकेकाला आत सोडत होते. “बाया अगोदर जाऊ द्या गा, मंग बाकीचे.” सगळे आत गेल्यावर त्यांनी मांडवाचे बांबू सोडवले, सतरंजी गुंडाळली, माठातलं उरलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं, आणि मग आत आले. म्हणजे शेवटी. सगळ्यांच्या शेवटी. ज्या माणसानं इतरांना पुढे जाऊ दिलं त्याचा नंबर शेवटचा, आणि जो सगळ्यांना लाथाडून पुढे गेला त्याचा पहिला! बाया पुढे गेल्या तरी मी हट्टानं मागे थांबून त्यांच्या जरा आधी आत शिरले होते, तेव्हा त्या तिसांत मीही होतेच.

“चला,” मी म्हणाले, “साहेबापाशी चला. आत्ताच्या आत्ता.”

ते आले. हातोडा मात्र हातातच राहिला होता, हे त्यांच्याही ध्यानात नसावं.

लेबर ऑफिसर पुण्याकडचे, नवे, शांत बोलणारे. शांत बोलणारा माणूस अन्याय करतो तेव्हा जास्तच संताप येतो.

“तुम्ही भावनेनं बघताय,” ते म्हणाले. “हा फक्त क्रमांक आहे. एकानंतर दोन येतो, दोनानंतर तीन. यात कोणाचा रागलोभ नाही.”

“क्रमांक आहे ना साहेब?” मी म्हणाले. “मग जुनाच ठेवा की. तो का तीनानंतर चार नव्हता?”

“जुन्यात मध्ये मध्ये जागा रिकाम्या झाल्यात. कोणी सोडून गेलं, कोणी वारलं. आम्हाला सलग नंबर हवेत. एकही सुटलेला नको.”

“आन जे तीस काढून राहिले, तेथी नाई का जागा रिकामी होत?”

“नाही,” साहेब म्हणाले. “शेवटचे काढले की मध्ये जागा पडत नाही. तोच तर फायदा आहे.”

मी त्या टेबलावर काय काय फेकलं असतं, देव जाणे. नत्थूजींनी माझं मनगट धरलं. मग अगदी कामाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “साहेब, नवे बिल्ले कोठून आननार? पितळ त आलं नाई.”

“नवं कशाला? जुनेच जमा करून उलटे करा आणि मागच्या बाजूला ठोका.”

“कोनता बिल्ला कोनाले, ते लिवून देता काय?”

“त्यानं काय फरक पडतो? समोरचा नंबर सलग आला म्हणजे झालं.”

“बरं,” नत्थूजी म्हणाले, आणि टूलरूमकडे चालू लागले. मी मागून बडबडत राहिले. बुळचट म्हणाले, भैताड म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलले. त्यांनी मान वळवली नाही. दोन दिवस टूलरूममधून घाव ऐकू येत होते आणि प्रत्येक घावागणिक माझं टाळकं सणकत होतं.

सोमवारी गेटावर बिल्ले वाटले. घमेलं रुपरावच्या पायाशी, साहेब बाजूला उभे. पहिलं नाव पुकारलं ते ताराचंदचं. तो खाली बघतच पुढे आला, बिल्ला घेतला, छातीवर लावायला पिन उघडली आणि तिथंच थांबला. त्यानं बिल्ला उलटा केला. पुन्हा सुलटा केला. समोर एक. मागे सहा.

तो नत्थूजींचा सहा होता. सहाच्या शेपटीला एक खाच होती, कधीतरी पंच घसरल्याची. कारखान्यात तो बिल्ला ओळखत नव्हता असा माणूस नव्हता.

दुसरा बिल्ला आला, तिसरा आला. आता जो तो घेतल्याबरोबर उलटा करून बघू लागला. दोनच्या मागे रंगखात्यातल्या देवरावचा जुना नंबर. देवराव त्या चक्कर येऊन पडलेल्या दोघांपैकी एक, आणि आता त्या तिसांतलाही. सातव्या बिल्ल्याच्या मागे माझा एकशे बारा. बसमध्ये आधी चढलेल्या तीस जणांना नत्थूजींनी मोजून आम्हा तीस जणांचे बिल्ले दिले होते. शब्दानंही कुणाला बोलले नव्हते. ज्याच्या पाठीवर पाय देऊन जो वर चढला होता, त्याचा नंबर त्याच्या छातीला लावून दिला होता.

रुपरावचं पुकारणंही अडखळलं. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं. रागानं नव्हे, पहिल्यांदाच.

ताराचंद साहेबांकडे गेला. “साहेब, मले दुसरा द्या. कोनताबी द्या. नंबर मागचा द्या पायजे त.”

साहेबांनी बिल्ला हातात घेतला, समोरून पाहिला. “एक. बरोबर आहे की.”

“मांगून पाहा साहेब.”

“मागे काय आहे त्याच्याशी कामाचा संबंध नाही. तुझा नंबर बदलला तर सगळ्यांचे बदलावे लागतील. लाव तो.”

त्यानं लावला. नत्थूजींचं नाव सगळ्यांत शेवटी आलं. आपणच ठोकलेला शेवटचा नंबर त्यांनी घमेल्यातून स्वतःच उचलला आणि कामावर गेले.

दिवाळीला आम्ही तीस जण बाहेर पडलो. माझं काय झालं ते मोठंसं सांगण्यासारखं नाही. शिवणाचं मशीन घेतलं. नत्थूजींना शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनात काम मिळालं. पेट्यांवर ब्रशानं नंबर घालायचे. एक, दोन, तीन. ते ऐकून मला हसू आलं आणि मग इतकी चीड आली की घासत असलेली कढई तशीच आपटली.

भाऊबीजेच्या दिवशी मी त्यांच्याकडे करंज्या द्यायला गेले होते. नत्थूजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरातला मागाचा खड्डा त्यांनी केव्हाच बुजवला होता, त्या जागी रुख्माबाईनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. मी विचारलं, “तो येऊन राहिला? आन तुमी त्याले ओवाळान?”

“भाऊ हाय माया,” ती म्हणाली. “काहून नाई ओवाळीन?”

बिल्ल्याचं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. नत्थूजींनी तर नक्कीच नाही.

ताराचंद पहिल्या पाळीवरून सायकलनं सरळ आला होता. अंगात कंपनीचा खाकी सदरा, त्यावर बिल्ला. मला बघून तो दचकला, पण आला आणि पाटावर बसला. रुख्माबाईनं कुंकू लावलं, तांदूळ लावले. तबक घेऊन ती वाकली. ताराचंदनं तिच्या पाया पडायला मान खाली घातली, तेवढ्यात बिल्ला पिनेवर फिरला.

रुख्माबाईला वाचता येत नाही. पण तेरा वर्षं दर रविवारी चिंच लावून तो बिल्ला तिनं घासला होता. तिचं तबक जागच्या जागी थांबलं.

“बाई,” ताराचंद म्हणाला, “मले माहीत नवतं वं. आयच्यान. मी मांगतलं होतं दुसरा...”

तिनं तबक खाली ठेवलं. त्याच्या सदऱ्यावरून बिल्ला काढला आणि आत गेली. नत्थूजी बाजेवर उठून बसले होते. आतून घासण्याचा आवाज येत राहिला. ताराचंद पाटावर तसाच बसला होता, कपाळावरचे तांदूळ एकेक करून गळत होते.

रुख्माबाई बाहेर आली तेव्हा बिल्ला ओला होता. एकाच्या बाजूला तिनं हातही लावला नव्हता. ती काळपट, तेलकट, तशीच होती. सहा मात्र लखलखत होता, त्याच्या शेपटीतली खाचसुद्धा. तिनं पदरानं तो पुसला, सहा बाहेर राहील असा त्याच्या छातीवर लावला, पिन नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग तबक उचललं आणि भावाला ओवाळलं.

“हं,” ती म्हणाली. “आता जा.”

मी दारातून बाजूला झाले. ताराचंद सायकलवर बसला नाही. हँडल धरून गल्लीच्या तोंडापर्यंत तो चालत गेला, आणि जाताना त्यानं बिल्ला उलटा केला नाही.