समजावणं बंद

“टिंग!”

दीप्तीनं डाव स्टीलच्या ताटलीवर इतक्या जोरात आपटला की आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या प्रमोदिनीच्या सासूबाईंच्या, सिंधूताईंच्या हातातलं सूप हललं.

“ताई, पुन्हा! पुन्हा समजावून राहिल्या तुमी!”

“अवं, मी कुठं समजावलं? मनातल्या मनात तर बोलून राहिली होती,” प्रमोदिनी म्हणाली.

“मनातच तर सारा घोटाळा आहे. ओठ हलले तुमचे. एका प्रश्नाले एक मिनिट, अन् तुमी तिथंच ठाण मांडून बसल्या. उत्तर तर पहिल्या झटक्यात आलं होतं ना?”

“आलं होतं.”

“मग टिक मारा अन् पुढं चला. बाकीचे तीन ऑप्शन काहून चुकले, हे त्या कम्प्युटरले समजावून काय भेटणार आहे तुमाले?”

प्रमोदिनी ओशाळून हसली. चूक सापडलेल्या शाळकरी पोरीसारखं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढचा प्रश्न घेतला. कूलर घरघरत होता, बाहेर नागपूरच्या मनीषनगरचा रस्ता उन्हानं ओस पडला होता, आणि तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. हल्ली तो झोपेतही हलतो, अशी जितेंद्रची, म्हणजे तिच्या नवऱ्याची तक्रार होती.

प्रमोदिनी मेश्राम किरगिझस्तानातून डॉक्टर होऊन आली त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. परदेशात शिकून आलेल्यांना इथं रुग्णाला हात लावायचा तर आधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. हाडांच्या नावांपासून औषधांच्या मात्रांपर्यंत, सहा वर्षांत शिकलेलं सगळं एका दिवसात कम्प्युटरसमोर ओकायचं. निम्मे मार्क मिळाले की डॉक्टर, एक कमी पडला की कोणीच नाही. ही परीक्षा प्रमोदिनीनं इतक्या वेळा दिली होती की केंद्रावरचा वॉचमन तिला परीक्षा घेणारी बाई समजून सलाम करायचा.

ती आणि दीप्ती बसायच्या ती समोरची खोली दवाखान्यासाठीच बांधलेली होती. रस्त्याकडे शटर, आत पडदा लावायला रॉड, हात धुवायला बेसिन. सासऱ्यांनी हयातीतच सगळी तयारी करून ठेवली होती. नव्हता तो फक्त डॉक्टर. सिंधूताई मात्र खमक्या. कोणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायच्या, “आमची सून डॉक्टरच आहे. फक्त कागद यायचा आहे.”

बरं, प्रमोदिनीला येत नव्हतं असं कोणाची म्हणायची छाती नव्हती. परदेशातून आलेली पोरं-पोरी तिच्याकडे शरीरक्रिया समजून घ्यायला यायची. ती त्यांना कूलरच्या पंपावरून हृदय समजावायची, नळाच्या धारेवरून रक्तदाब. समजावताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की पाहणाऱ्याला वाटावं, हिला आणखी काही नको. पोरं पास व्हायची, पेढे देऊन जायची आणि दिवाळीला मेसेज पाठवायची. पंगतभर वाढून वाढपी उपाशी राहावा, अशी तिची गत झाली होती.

तिचं दुखणं ओळखलं ते दीप्तीनं. दीप्ती राऊत सावनेरजवळच्या खाप्याची, उझबेकिस्तानातून नुकतीच परतलेली. तिचा हात चलाख होता, पण पाया कच्चा. तिकडे शिकवलेलं अर्धं भाषेच्या गोंधळात वाहून गेलेलं. तिनं प्रमोदिनीला एकदा घड्याळ लावून सराव पेपर सोडवताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. प्रमोदिनी प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात एक विद्यार्थी समोर बसवायची आणि त्याला चारही ऑप्शन समजावून सांगायची. वेळ संपली की पेपरचा तो भाग आपोआप बंद व्हायचा, आणि शेवटचे कितीतरी प्रश्न तिनं पाहिलेलेही नसायचे.

“तुमी नापास नाई होऊन राहिल्या ताई,” दीप्ती म्हणाली होती, “तुमी क्लास घेऊन राहिल्या.”

मग दोघींचं ठरलं. सकाळी प्रमोदिनीनं दीप्तीचा पाया पक्का करायचा, दुपारी दीप्तीनं प्रमोदिनीला पळवायचं. स्वयंपाकघरातला डाव आणि ताटली त्यासाठीच बाहेर आली होती.

यावेळी पळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हिवाळ्यातला निकाल लागल्यावर प्रमोदिनीनंच जेवताना सांगून टाकलं होतं की आता एकदाच बसते, नाही झालं तर पुन्हा नाव काढणार नाही. हॉस्पिटलांची बिलं तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळत होती, ती धरीन. समोरची खोली ब्युटी पार्लरवाली मागते आहे, तिला देऊन टाका. बोलताना तिला आतून वाटत होतं की कोणीतरी म्हणेल, असं काहून बोलतं वं? जितेंद्रनं फक्त वरण मागितलं. सिंधूताईंनी वाढलं. त्या रात्री ती बेसिनचा नळ सोडून रडली. आपलंच बोलणं सगळ्यांनी इतक्या सहज मान्य करावं, याचं तिला फार लागलं होतं.

परीक्षा जवळ आली तशी दीप्तीनं लगाम आणखी आवळला.

“सकाळचंही बंद, ताई. तुमी मले समजावता तोवर ही खोड काही जात नाई. आजपासून समजावणं बंद. उत्तर सांगायचं, पुढं जायचं.”

“अन् तुझं वं? तुझी किडनी राहिली आहे, आम्ल-अल्कली राहिलं आहे.”

“मी वाचून घेईन. माझी पहिली वेळ आहे, तुमची शेवटची. मी विचारलं तरी सांगू नका.”

“तू विचारलं तरी?”

“मी विचारलं तरी डाव वाजवा.”

तंबाखू सोडलेल्या माणसासारखे प्रमोदिनीचे हाल झाले. ती घरभर येरझाऱ्या घालायची. भाकरी फुगली तरी तिला काहीतरी सांगावंसं वाटायचं. एकदा सिंधूताईंनी पाय पुढं केला. “संध्याकाळ झाली का सुजून राहिला वं माझा पाय. काहून होत असन?” प्रमोदिनीनं तोंड उघडलं, आणि समोरच्या खोलीतून टिंग झालं.

“आता या घरात बोलायचीही चोरी झाली का?” म्हणत सिंधूताईंनी पाय आखडता घेतला.

पण गुण आला. प्रमोदिनीचा वेग वाढला. प्रश्न वाचायचा, उत्तर ओळखायचं, टिक मारायची. डोक्यातला तो विद्यार्थी हळूहळू उठून गेला. पहिल्यांदा पेपर वेळेच्या आत संपला तेव्हा दीप्तीनं तिला मिठीच मारली. प्रमोदिनीला आनंद झाला, नाही असं नाही. पण हातून काहीतरी सांडलंय आणि काय ते आठवत नाही, अशी एक हुरहूर दिवसभर तिच्या मागे लागून राहिली.

अशाच एका दुपारी दीप्ती पुस्तकातल्या एका प्रश्नावर अडली. कितीतरी वेळ ती पेन चावत बसली होती. शेवटी तिनं मान वर केली. डोळे लाल झाले होते.

“ताई, एवढं एकच. वांत्या झाल्यावर पोटॅशियम काहून कमी होते? उलटीत तर ते फारसं नसतेच. मग जाते कुठं? चार वेळा वाचलं, डोक्यात नाई घुसून राहिलं.”

प्रमोदिनीच्या जिभेवर सगळं तयार होतं. वांत्यांनी अंगातलं पाणी घटलं की किडनी घाबरते. पाणी आणि मीठ धरून ठेवायचं तर बदल्यात काहीतरी सोडावं लागतं, म्हणून ती पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. घर वाचवायला अंगावरचं सोनं मोडावं तसं. एवढंच तर होतं. हे कळलं असतं तर दीप्तीला त्या प्रकरणातलं पुढचं सगळं आपोआप उलगडलं असतं.

पण प्रमोदिनी भ्याली. मोठ्या मुश्किलीनं बंद केलेलं हे दार एकदा किलकिलं केलं की पूर येईल, असं तिला वाटलं. ब्युटी पार्लरवाली कालच शटरची मापं घेऊन गेली होती. तिनं डाव उचलला आणि ताटलीवर मारला.

“उत्तर सी. पुढं चल.”

दीप्ती तिच्याकडे पाहत राहिली. मग हसली, पण जरा उशिरा हसली.

“बरोबर आहे, ताई. मीच तर सांगितलं होतं.”

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. रोज यायची, टायमर लावायची, प्रमोदिनीला शाबासकी द्यायची. तिचं स्वतःचं पुस्तक मात्र उघडलेल्या पानावरच पडून असायचं. प्रमोदिनीनं ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं.

परीक्षा झाली. ऑगस्टात निकाल लागला तेव्हा प्रमोदिनी धुणं वाळत घालत होती. मोबाईलवर आपल्या मार्कांपुढं ‘पास’ वाचून ती तिथंच ओल्या चादरीवर बसली. जितेंद्रचा कळमेश्वरच्या कारखान्यातून फोन आला. मागे मशीनचा आवाज आणि त्याचा श्वास, एवढंच ऐकू येत राहिलं. सिंधूताई चप्पल न घालताच गल्लीत निघाल्या होत्या.

मग प्रमोदिनीनं दीप्तीचा रोल नंबर टाकून पाहिला. नापास. थोडक्या मार्कांनी गेली होती.

तिनं फोन लावला. तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. आपण समजावलं असतं तर पोरगी पास झाली असती का? कदाचित नसतीही झाली. एका प्रश्नानं कोणी बुडतं का? पण तो एकच प्रश्न नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

“जाऊन ये,” सकाळी सिंधूताई म्हणाल्या. “फोनवरची गोष्ट नाई हे.”

काय न्यावं हाच पहिला पेच. पेढे नेणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. फळं न्यावीत तर आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखं. शेवटी ती रिकाम्या हातानंच खाप्याच्या एसटीत बसली आणि सावनेर येईपर्यंत पर्सचा पट्टा पिळत राहिली.

दार दीप्तीच्या आईनं उघडलं. गोपिकाबाई शेतावर राबलेली, उंच, सावळी बाई. प्रमोदिनीला त्यांनी आजवर फोटोतच पाहिलं होतं, तरी लगेच ओळखलं.

“या, या. तुमी प्रमोदिनीताई ना? बसा. पोरगी झोपली आहे.” आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. “झोपली काय, पडली आहे. कालपासून जेवली नाई. तिच्या बाबाले अजून सांगितलं नाई आमी. ते रातभर वावरात जागलीले गेले होते, डुकरं कपाशीची पऱ्हाटी खाऊन राहिले. येतीलच आता.”

“काकू,” प्रमोदिनी म्हणाली. “मी तिले समजावलं नाई. तिनं विचारलं होतं, अन् मी सांगितलं नाई. मले माझ्याच पेपरची पडली होती.”

गोपिकाबाईंना ते काही उमगलं नाही, किंवा त्यांनी उमगू दिलं नाही. “तुमीच तर समजावलं तिले. मले म्हणे, आई, कॉलेजात नाई कळलं ते ताईच्या घरी कळलं.” मग त्यांनी थेट विचारलं, “तुमचं झालं ना?”

प्रमोदिनीनं खाली मान घालून हो म्हटलं. खून कबूल करावा तसं तिला वाटत होतं.

गोपिकाबाई उठल्या. फडताळातून त्यांनी संत्रा बर्फीचा डबा काढला. दुकानात बांधलेली दोरी तशीच होती. “तिच्या बाबानं आधीच आणून ठेवली, नागपूरहून. निकाल आला अन् घरात गोड नाई, असं नको म्हणे.” त्यांनी विळीवर दोरी कापली आणि डबा उघडून प्रमोदिनीपुढं धरला. “घ्या. पास झालेलं माणूस दारातून तसंच जाऊ नाई.”

“नको, काकू. मले नाई जाणार.”

“घ्या म्हणते ना.”

प्रमोदिनी उठून उभी राहिली. तिनं एक तुकडा उचलला, पण हात तोंडापर्यंत जाईना. तेवढ्यात अंगणात सायकल उभी करण्याचा आवाज झाला आणि रुपराव राऊत दारात आले. चिखलाचे पाय, डोक्याला दुपट्टा, रात्रभराचं जागरण डोळ्यांत. त्यांनी आधी परक्या बाईकडे पाहिलं, मग पत्नीच्या हातातल्या उघड्या डब्याकडे. सगळा शीण एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावरून उतरला.

“झाली?”

आतल्या दारामागं पावलं वाजली आणि थांबली.

“हाव,” गोपिकाबाई म्हणाल्या. “प्रमोदिनीताई झाल्या. मनीषनगरच्या.”

रुपराव उंबऱ्यावरच उभे राहिले. लावलेल्या दाराकडे त्यांची नजर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, त्यानं दोन्ही हात नीट पुसले, आणि आत आले.

“मग उभ्या काहून, डॉक्टरीणबाई? बसा ना,” ते म्हणाले, आणि डब्यातला एक तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.