तिन्ही डब्यांतला दोष

माझे धाकटे दीर भांडायला आले की आधी बूट काढतात. त्या दिवशी बुटांसकट दुकानात शिरले, गिटारची पेटी आणि घरी नेलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, हाही डबा बाद."

डबा म्हणजे अँप मॉडेलर. पूर्वी गिटार वाजवणाऱ्याला कपाटाएवढा अँप्लिफायर, म्हणजे अँप, हमालासारखा वाहावा लागे. आता चपलांच्या खोक्याएवढा एक डिजिटल डबा त्या अँपच्या आवाजाची नक्कल करतो. आमचं साउंडचं सामान भाड्यानं देण्याचं दुकान, त्यामुळे असे तीन डबे आमच्याकडे आहेत. भावजींनी तिन्ही आळीपाळीनं घरी नेले होते आणि तिन्हींना नावं ठेवून परत आणले होते. पहिला पत्र्यासारखा वाजतो, दुसऱ्यात सूर टिकत नाही आणि तिसरा म्हणे मुळातच मेलेला.

"तिन्ही कंपन्यांनी ठरवून तुमच्याशी वैर धरलंय का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. हसण्यासारखं नव्हतंच. मानेत नस दबली म्हणून त्यांचं ऑपरेशन झालं होतं. नस सुटली, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. ज्या हॉटेलात ते कित्येक वर्षं बँडमध्ये वाजवत आले, तिथल्या बँडमास्तरांनी बरीच वाट बघितली. आता हॉटेलनं स्टेजवरचे मोठे अँप बंद करून सगळ्यांना डबेच वापरायला लावले होते, आणि मास्तरांनी निरोप धाडला होता, की आज संध्याकाळपर्यंत डब्यावर वाजवलेलं एक रेकॉर्डिंग पाठवा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

दोष बोटांचा आहे हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, तुमचा सख्खा भाऊ आहे, तुम्ही सांगा. त्यावर हे म्हणाले, "तुझं तो ऐकतो." गोड बातमी द्यायची असली की सख्खा भाऊ, आणि कडू असली की वहिनी! त्या दिवशीही हे स्पीकर घेऊन कुठल्याशा कार्यक्रमाला गेले होते.

"आज रीतसर तुलना करू," भावजी म्हणाले. "प्रत्येक डब्यावर वेगळं वाजवलं की हात थोडा इकडेतिकडे होतो. मी एकदाच वाजवतो. तुम्ही कोरा आवाज घ्या, आणि तोच तिन्हींतून सोडा. म्हणजे हाताचा प्रश्नच उरत नाही."

कोरा आवाज म्हणजे अँप नाही, डबा नाही, नुसता गिटारच्या तारांचा आवाज. तो एकदा कॉम्प्युटरवर घेतला की हव्या त्या डब्यातून कितीही वेळा सोडता येतो. पद्धत अगदी चोख होती. पण ती सुचवताना ते स्वतःच्याच गळ्याला दोर लावतायत, हे माझ्या लक्षात आलं.

त्यांनी त्यांची नेहमीची संथ चाल वाजवली. मी रेकॉर्ड केली. जो डबा मोठ्यानं वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो, म्हणून मी मीटर बघून तिन्हींचा आवाज सारखा केला आणि डब्यांवर टॉवेल टाकला, कुठला चाललाय ते त्यांना दिसू नये म्हणून. भावजी माझ्याकडे पाठ करून बसले.

पहिला. दुसरा. तिसरा. प्रत्येकात सूर त्याच जागी खरखरला, त्याच जागी बुडाला. जिथे करंगळी लागत होती तिथे काही उरतच नव्हतं.

"तिन्ही सारखेच खराब," ते म्हणाले. मग घाईघाईनं, "केबल बघा वहिनी. केबल गेली असणार."

"बघते. तुम्ही समोरून चहा आणा," मी म्हटलं. मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

ते गेल्यावर मी खरंच केबल बदलली. सामान तपासायला आमच्याकडे एक ठरलेलं रेकॉर्डिंग आहे. दुकान नवं असताना भावजींनीच करून दिलं होतं, तोच कोरा आवाज आणि तीच संथ चाल. मी ते तिसऱ्या डब्यातून सोडलं, मुळातच मेलेल्या.

दुकान भरून गेलं. एकेक सूर भरदार, गोल. शेवटचा सूर तर इतका लांबला की मी माउसवरचा हात न हलवता तशीच बसून राहिले. रोज यंत्र तपासायला लावत होते, पण इतक्या वर्षांत मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं.

दार धाडकन उघडलं. भावजींच्या हातातला चहा बशीत सांडला होता, आणि तोंडावर असा आनंद की मला रडू येईल असं वाटलं.

"हाच! हाच तो आवाज! काय केलंत? केबलच होती ना? मी म्हटलं नव्हतं?"

आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी नुसती केबल त्यांच्या हातात दिली. त्यांनी गिटार डब्याला जोडली, खुर्ची पुढे ओढली आणि तीच चाल सुरू केली.

खरखर. बुडालेला सूर. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. त्यांनी हात तारांवर आडवा ठेवला आणि आवाज बंद केला.

"मघाचं कुणाचं होतं?"

"तुमचंच, भावजी. दुकान नवं होतं तेव्हाचं."

मला वाटलं, आता टेबलावरचं काहीतरी फेकतील. फेकायला हवं होतं, मीही मदत केली असती. पण ते म्हणाले, "तेच पुन्हा लावा. तिन्ही डब्यांतून. टॉवेल राहू द्या."

मी लावलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग सांगू लागले. पहिल्यात वरची धार जरा जास्त आहे. दुसरा भरदार आहे, पण खालचा सूर फुगतो. तिसरा सगळ्यांत खरा, तार छेडताना बोटाचा दाब कळतो. मी क्रम उलटा केला, त्यांना न सांगता. त्यांनी तिन्ही बरोबर ओळखले. अर्ध्या केसाचाही फरक त्यांच्या कानातून सुटत नव्हता.

"बघा," ते म्हणाले, "कान जिथल्या तिथे आहेत. हाताऐवजी कान गेले असते तर बरं झालं असतं, वहिनी. मला कळलं तरी नसतं. वाजवत राहिलो असतो."

मी डब्यांवरचा टॉवेल काढून त्याची घडी केली.

"हे जुनं पाठवू या मास्तरांना?" शेवटी मी विचारलं. विचारलं आणि जीभ चावली.

"आणि पुढच्या आठवड्यात स्टेजवर कोण उभं राहील?"

त्यांनी फोन काढला आणि मास्तरांना लावला. सवयीनं तो डाव्या हातात घेतला होता, पण कानाशी धरवेना, म्हणून स्पीकरवर टाकला.

"काय, रेकॉर्डिंग कुठवर आलं?" मास्तर म्हणाले.

"रेकॉर्डिंग नाही. तुम्ही दुसरा बघा. मी नाही येत." भावजींनी तिसऱ्या डब्यावर हात ठेवला. "एक सांगतो. आमच्या वहिनींकडे तीन डबे आहेत. त्यांतला तिसरा घ्या. जो कोण वाजवेल त्याला म्हणावं, तार अलगद छेडायची. डबा सगळं ऐकतो, काही लपवत नाही."

मास्तर म्हणाले, बरं. आणि डबा उद्याच पाठवता येईल का, असं विचारलं.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि ते उठून डब्याची वायर गुंडाळू लागले.