सहा चाळीसची गाडी

"काका, आत जा, कडी लावा आणि घसा फोडून बोला," सुतार म्हणाला.

आमचे हे बाथरूममध्ये गेले. मी आणि सुतार बाहेर दाराला कान लावून उभे राहिलो. चार दिवस त्या सुतारानं घर डोक्यावर घेतलं होतं. छताखाली दुसरं छत, भिंतींवर लोकरीसारखे जाड थर, त्यावर पाण्यानं न फुगणारे तक्ते, दाराच्या चारी कडांना रबराची पट्टी. डक्टमध्ये उघडणारा झरोका होता, त्यावरही त्यानं फळी ठोकली.

"खरा चोर हा, काकू. भिंतीतून जातो तो आवाज थोडाच. या झरोक्यातून डक्टमध्ये उतरतो नि सगळ्यांच्या बाथरूममध्ये फिरून येतो."

"अरे, पण वाफेचं काय?"

"आंघोळ झाली की दार उघडं टाका. वाफ बोलत नाही."

पाच मिनिटं आम्ही कान लावले. आतून हूं की चूं नाही. शेवटी कडी निघाली आणि हे बाहेर आले. कपाळावर घाम होता.

"ऐकू आलं?"

"एक शब्दही नाही," सुतार खुशीत म्हणाला.

"वा. उत्तम काम," हे म्हणाले आणि टॉवेल नीट घडी करून दांडीवर ठेवला. आयुष्यात यांनी टॉवेलची घडी केलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"काय बोललात एवढं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळ्या गाड्या झाल्या."

हे चौतीस वर्षं बसस्टँडवर माइकपुढे बसून गाड्या पुकारत होते. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आता एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज लागतो. "तिला कधी सर्दी होत नाही," एवढंच हे तिच्याबद्दल म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाथरूममध्ये गाड्या सुटू लागल्या. सहा पंचवीसची, सहा चाळीसची, सात दहाची. फलाटासकट, थांब्यांसकट. फरशांमुळे आवाज असा घुमायचा की स्टँडवरचा भोंगासुद्धा लाजेल. आंघोळ पाऊण तास चालायची. मी कुरकुर करायची, पण खरं सांगू? मला आवडायचं ते.

मग एक दिवस खालच्या मजल्यावरची नर्स वर आली. बिचारी रात्रपाळी करून पहाटेची परतते. "काकू, राग मानू नका, पण काका आंघोळीला जातात ना, तेव्हा…" एवढं ऐकूनच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कळलं गं बाई, कळलं. आठवड्यात बंदोबस्त करते," असं म्हणून मी तिला वाक्य पुरं करूच दिलं नाही. ती सुट्टी घेऊन बहिणीकडे गेली आणि मी सुताराला बोलावलं. यांनी एका शब्दानं विरोध केला नाही. उलट मापं घ्यायला टेप धरला.

बंदोबस्त असा झाला की विचारू नका. हे चार मिनिटांत आंघोळ उरकून बाहेर येऊ लागले. नुसतं बाथरूम नाही, माणूसच बंद झाला. चहा हवाय का, हूं. जेवायला वाढू का, हूं. मीठसुद्धा बोट दाखवून मागायचे. घर मला खायला उठलं. मीच हौसेनं फळ्या ठोकून घेतल्या होत्या, सांगते कोणाला?

तिसऱ्या दिवशी वरचा शिंपी जिन्यात भेटला. "वहिनी, साहेबांची सात दहाची बंद झाली का हो? रोज दुकानाला उशीर होतोय."

"घरात घड्याळ नाही का?"

"आहे की. पण ते ओरडत नाही."

आणि रविवारी नर्स परतली. दारातून बाथरूम पाहून तिनं तोंडावर हातच ठेवला.

"काकू, हे काय केलंत! मी एक गाडी रद्द करा म्हणणार होते. तुम्ही अख्खं स्टँड बंद केलंत!"

"म्हणजे?"

"सहा पंचवीसला मी कुलूप उघडते. रिकामं घर असतं, पण वरून काका बोलत असतात. बरं वाटतं हो. फक्त सहा चाळीसला नेमका डोळा लागत असतो, तेवढ्यात 'प्रवाशांनी त्वरित बसून घ्यावे', की मी उठून बसते! एकदा झोपले की मग कानाशी ढोल वाजवा."

मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. हे केस कापायला गेले होते. मीच स्टुलावर चढले, झरोक्यावरच्या फळीचे चार स्क्रू काढले आणि मागचा लोकरीचा बोळा ओढला. डोक्यावर ही धूळ! वरून शिंप्याच्या गुळण्या ऐकू आल्या. माणसाच्या गुळण्या इतक्या गोड लागतात हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री जेवताना मी म्हटलं, "उद्यापासून सहा चाळीसची रद्द. बाकीच्या वेळेवर सोडायच्या. हुकूम आलाय."

"वरून?"

"खालून."

यांनी घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, "त्या गाडीला गर्दी असायची."

"असू दे."

आठ दिवसांतलं ते यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. मला रडू आलं, तर म्हणे आमटी तिखट झालीय का.

सकाळी हे मनगटावरचं घड्याळ घेऊन आत गेले आणि खुंटीला टांगलं. घसा खाकरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आवाज डक्टमधून वरखाली फिरला. खाली नर्सच्या कुलपाचा खटका वाजला. वर शिंपी खोकला.

मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघत होते. सहा एकोणचाळीस झाले. आत नळ बंद झाला. बादलीत मग बुडवल्याचाही आवाज नाही. दार किलकिलं होतं, फटीतून पाठ दिसली. अंगभर साबण, थंडीनं खांदे आखडलेले, आणि हे खुंटीवरच्या घड्याळाकडे बघत ताठ उभे होते.

मीही गॅसवरचं भांडं अलगद उतरवलं.

सहा पंचेचाळीसला नळ पुन्हा सुरू झाला. अगदी बारीक.