लाल दोऱ्याचा स्पंज

मी एक जुना, पिवळा स्पंज आहे, मित्रांनो. तळहाताएवढा. अंगभर भोकं, डोक्यात काही नाही. पाणी दिसलं की पोटात घ्यायचं, एवढंच मला येतं.

बुडत्या जहाजावरच्या माणसांसाठी रबरी तराफे असतात ना, ते घडी घालून भरायच्या कारखान्यात माझं आयुष्य सुरू झालं. रबर चिकटू नये म्हणून तिथे भुरभुरायच्या शंखजिऱ्याच्या पुडीचा वास अजून आठवतो. प्रत्येक तराफ्यात दोन स्पंज जात. घडी घालणाऱ्या मावशी माझ्या कमरेला लाल दोरा बांधू लागल्या, तेव्हा शेजारचा मेकॅनिक हसला, "मावशी, लग्न लावताय का त्याचं?"

"एक तळ पुसायला, हा लाल दोऱ्याचा पिण्याच्या पाण्याला. तहानलेल्याला खारट घोट पाजू होय रे?"

वर्षातून एकदा तराफा तपासणीला उघडे. मावशी दोरा ओढून बघत आणि मी पुन्हा घडीत, जहाजावर.

सातव्या वर्षी एका सकाळी जहाज बुडालं. आमच्या तराफ्यात एकटा आचारी चढला. माझा जोडीदार पहिल्याच लाटेत वाहून गेला. तळात खारं पाणी साचलेलं. आचाऱ्याने मला उचललं आणि दोरा पाहून तो थबकला; तराफ्यातल्या सूचनांत 'लाल दोरा पिण्याच्या पाण्यासाठी' असं लिहिलेलं होतं.

"दुधाचं फडकं ओट्याला लावलं म्हणून सगळ्यांना बोल बोल बोललो. आणि आता मीच?"

त्याने मला खिशात जपून ठेवलं आणि डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीने तळ पुसून काढला.

चौथ्या दिवशी पाण्याच्या पिशव्या संपल्या. पावसाचा पत्ता नाही. पहाटे मात्र तराफ्याच्या छताला दव धरे. छताचं दव माझ्यात, माझ्यातला थेंब त्याच्या ओठात, आणि त्या थेंबावर त्याचा जीव. "आज तीन घोट दिलेस रे, दोस्ता," तो म्हणे. एवढं कौतुक मला पुन्हा कधी लाभलं नाही.

अकराव्या दिवशी मासेमारी बोटीने त्याला उचललं.

अंगात जोर आल्यावर तो मला घेऊन कारखान्यात आला. "हा दोरा कुणी बांधला?"

मावशी चष्मा पुसत पुढे आल्या. आधी त्याच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच. गाठ सैल पडलीय की," म्हणाल्या आणि ती पुन्हा आवळली. आचाऱ्याने ते हात कपाळाला लावले.

आता मावशी नाहीत. मी कारखान्यातल्या फळीवर पडून असतो, हात लावला की भुगा सांडतो. मित्रांनो, मला भिजवू नका, सोसवणार नाही. पण कुणासाठी काही बांधलंत, तर गाठ एकदा ओढून बघा. ती कुणाच्या हाती लागेल, आपल्याला कुठे ठाऊक असतं?